नऊ पिल्लांचा अर्ज

विषय : राजबागेतील कासवाच्या नऊ पिल्लांना रोज पाण्यात बसवण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : एक, बागेच्या दारातील थोरल्या महाराजांची शिळा. दोन, राखणदार सुभानजी याचा अर्ज.

उपरोक्त विषयी हकीकत अशी.

फार पूर्वी, म्हणजे अर्ज भूर्जपत्रावर लिहिले जात आणि उत्तरे तेव्हाही उशिराच येत त्या काळी, एका डोंगराच्या पायथ्याशी एक राज्य होते. राज्य लहान होते. रीतीभाती मात्र दोन मोठ्या राज्यांना पुरून उरतील एवढ्या होत्या.

त्यातली एक रीत अशी, की दर दसऱ्याला राजाने राजबागेत यायचे आणि तिथल्या सगळ्यात म्हाताऱ्या कासवाच्या मागून सात पावले चालायचे. कासवाने एक पाऊल टाकले की राजाने एक टाकायचे. कासव थांबले की राजाने आहे तिथे थांबायचे. राज्य चालवणाऱ्याने वर्षातून एक दिवस तरी सावकाश चालावे, असा पूर्वजांचा हेतू होता. उरलेले वर्षभर ती काळजी दप्तरदार घेत असत.

ही कासवे तळ्यातली नव्हती, माळावरची होती. पाठ घुमटासारखी, काळी, आणि त्या काळ्यावर पिवळ्या चांदण्या काढलेल्या. तळ्यात सोडली असती तर धोंड्यासारखी तळाशी गेली असती.

थोरल्या महाराजांच्या काळी या कासवांना एक फार प्रेमळ राखणदार लाभला होता. तो त्यांना सकाळ-संध्याकाळ न्हाऊ घाली, दुधात कुस्करलेली पोळी भरवी आणि ऊन लागू नये म्हणून वर छत्री धरी. या प्रेमात वर्षभरात चार कासवे गेली. पाठी मऊ पडल्या, नाके गळू लागली. तेव्हा थोरल्या महाराजांनी बागेच्या दारात एक शिळा उभी केली आणि तिच्यावर कोरवून घेतले :

‘कासवास आठ दिवसांतून एकदा पाणी. वाळले गवत. उघडे ऊन. याहून अधिक जो कोणी देईल, त्याने दगडी कासव पाठीवर घेऊन गावाला सात फेऱ्या घालाव्यात.’

शिळेशेजारी ते दगडी कासवही आणून ठेवले. त्यानंतर कासवे छान जगली. दगडी कासव कुणाला उचलावे लागले नाही. पोरे त्याच्यावर बसून बोरे खात.

आमच्या हकीकतीच्या वेळी बागेचा राखणदार होता सुभानजी. त्याच्या आधी त्याचा बाप होता. सुभानजी रोज सकाळी शिळेपुढे हात जोडून ती वाचायचा आणि मगच कामाला लागायचा. बावीस वर्षांत त्याने कासवांना पाण्याचा थेंब जास्त दिला नव्हता की गवताची काडी कमी दिली नव्हती. येणारे-जाणारे त्याची चेष्टा करत.

“काय सुभानजी, आज कोण पळालं का?”

“पळालं एक. जेवून घेतो, मग जातो धरायला,” असे तो म्हणे, आणि पुन्हा शिळा वाचू लागे.

त्याची बायको ठकूबाई गावाची सुईण होती. निम्मे गाव तिच्या हातावर जन्मले होते, आणि उरलेले निम्मे तिला वचकून असे.

कासविणी दरवर्षी माती उकरून अंडी घालत आणि मुंगसे दरवर्षी ती खात. त्या वर्षी मात्र सुभानजीने अंड्यांच्या खड्ड्यावर बाभळीच्या काट्या रचून ठेवल्या. शिळेवर काट्यांबद्दल काही लिहिलेले नव्हते, म्हणून त्याला हे धाडस झाले. पुढे जे घडले ते या काट्यांमुळे घडले, हे त्याच्या लक्षात होते. तो ते कधी विसरला नाही.

भाद्रपदातल्या एका सकाळी खड्ड्यातली माती हलली. एक पिल्लू वर आले. मग दुसरे. दुपारपर्यंत नऊ झाली. अर्ध्या लिंबाएवढी एकेक, पाठीवर चांदण्यांच्या जागी नुसते पिवळे ठिपके. सुभानजी खड्ड्याशी उकिडवा बसून हसत राहिला. मग तो उठला, नेहमीसारखा शिळेपुढे गेला, आणि तिथे त्याचे हसू थांबले.

शिळेवर ‘कासवास’ असे होते. लहान, मोठे, असे काही नव्हते.

“अगं,” त्याने घरी जाऊन विचारले, “ही पिल्लं म्हणजे कासवंच ना?”

“मग काय टिटव्या?” ठकूबाई म्हणाली.

“तसं नव्हे. शिळेच्या दृष्टीने म्हणतो मी.”

“शिळेला दृष्टी असते होय?”

यातून काही निष्पन्न झाले नाही. सुभानजीने पिल्लांना उघड्या उन्हात ठेवले आणि पुढ्यात वाळले गवत टाकले. गवताची काडी पिल्लाच्या दुप्पट लांब होती. पिल्लू काडी खाते आहे की काडी ओलांडते आहे, हे कळायला मार्ग नव्हता.

भाद्रपदातले ऊन ते. पावसाने ओढ दिलेली. सुभानजी बागेत फिरू लागला की नऊच्या नऊ पिल्ले त्याच्या पायांमागे तुरुतुरु येत. तो थांबला की थांबत. हे पाहून त्याचे डोळे भरून आले. बावीस वर्षांत थोरल्या कासवांनी त्याच्याकडे मान वळवून पाहिले नव्हते! पिल्लांतले सगळ्यात लहान, ज्याच्या पाठीवर एकच ठिपका होता, ते तर त्याच्या टाचेला चिकटूनच असे.

ठकूबाईने हे दोन दिवस पाहिले आणि तिसऱ्या दिवशी सांगितले, “ती तुमच्या मागं नाहीत येत. तुमच्या सावलीमागं येतात.”

तिने एकठिपक्या उचलून तळहातावर घेतला. डोळे आत गेले होते. मानेची कातडी वाळल्या आवळ्यासारखी सुरकुतली होती.

“हे सुकतंय. तान्ह्या पोराची टाळू खोल जाते ना, तसं झालंय याचं. पाण्यात बसवा याला. कोमट पाणी, हनुवटीपर्यंत. रोज.”

“रोज? शिळेवर आठ दिवस आहेत.”

“शिळेला कधी पोर झालं होतं?”

सुभानजी गोंधळला. बायको आजवर चुकली नव्हती. शिळाही आजवर चुकली नव्हती. दोघींपैकी एकीने आपल्याला आयुष्यभर सांभाळले आहे हे त्याला माहीत होते; कोणी, ते मात्र नक्की सांगता येत नव्हते.

तिसरे मत घ्यावे म्हणून तो थोरल्याकडे गेला. थोरला म्हणजे बागेतले सगळ्यात म्हातारे कासव, ज्याच्या मागून राजा चालत असे ते. त्या काळी कासवे बोलत. पण सकाळी विचारले तर उत्तर दुपारी येई, आणि प्रश्न अवघड असेल तर कधी येईल याचा भरवसा नसे. म्हणून त्यांच्याशी फारसे कुणी बोलत नसे.

“थोरलेबाबा, लहानपणी तुम्हाला पाणी किती लागायचं?”

थोरल्याने डोळे मिटले. सूर्य माथ्यावर आला तेव्हा उघडले.

“लहानपणी? मी लहान नव्हतो.”

“असं कसं? कधीतरी असालच की.”

“नव्हतो. मी पहिल्यापासून एवढाच.”

“जरा आठवून बघा, बाबा.”

“बघतो,” थोरला म्हणाला, आणि त्याने मान आत घेतली.

पेच पडला की अर्ज करावा, असे सुभानजीला बापाने शिकवले होते. बापाने केलेल्या एका अर्जाचे उत्तर अजून यायचे होते. सुभानजीने एका बैठकीत अर्ज लिहिला : बागेत नऊ पिल्ले झाली आहेत, ती सुकत आहेत, तरी त्यांना रोज पाण्यात बसवण्याची परवानगी व्हावी. अर्ज घेऊन तो दप्तरात गेला.

दप्तरदार पान लावत होते. त्यांनी अर्ज वाचला, उलटून मागची कोरी बाजूही वाचली.

“पिल्लं म्हणजे कासवंच का?”

“होय साहेब.”

“मग शिळा लागू आहे. अर्ज कशाला?”

“लहान आहेत म्हणून.”

“लहान कासव हे कासव नव्हे, असं म्हणणं आहे का तुमचं?”

“नाही साहेब.”

“मग शिळा लागू.”

“पण मरतील ती, साहेब.”

दप्तरदारांनी पान खाली ठेवले. ते काही दुष्ट गृहस्थ नव्हते.

“हे बघा सुभानजी, पोरंबाळं माझ्याही घरी आहेत. लहानाची गोष्ट वेगळी, हे न कळायला मी दगड नाही. पण लहान म्हणजे कुठवर? उद्या थोरला म्हणेल, मी डोंगरापेक्षा लहान आहे, मला रोज आंघोळ हवी. तेव्हा कासव कोणत्या दिवशी लहानाचं मोठं होतं, तो दिवस मला सांगा. लगेच परवानगी देतो.”

सुभानजी विचारात पडला. त्याने पिल्लांचा विचार केला, थोरल्याचा केला, शेवटी स्वतःचाही केला. आपण स्वतः कोणत्या दिवशी मोठे झालो, हेही त्याला आठवेना.

“नाही सांगता येत, साहेब.”

“मग मलाही विचार करावा लागेल. चार दिवसांनी या.”

सुभानजीने चार दिवस शिळा पाळली. ठकूबाई एकदा बोलली, दोनदा बोलली. तो म्हणाला, “उत्तर येऊ दे. चार दिवसांचा तर प्रश्न आहे.” या चार दिवसांत तो बागेत जास्तीत जास्त वेळ उभा राहिला. उभे राहायला परवानगी लागत नव्हती. सकाळी दाराशी, दुपारी विहिरीशी, संध्याकाळी कुंपणाशी. आणि जिथे तो उभा राही तिथे त्याच्या सावलीत नऊ पिल्ले दाटीने बसत.

पाचव्या दिवशी सकाळी तो उत्तर आणायला दप्तरात गेला. दप्तरदारांनी सांगितले, “विचार चालू आहे. आणखी चार दिवसांनी या.”

तो परतला तेव्हा ऊन चढले होते. आठ पिल्ले शिळेच्या कडेला जेमतेम बोटभर सावली होती तिच्यात शिरून बसली होती. एकठिपक्या तिथे नव्हता. रोज सकाळी दाराशी सुभानजीची सावली पडायची, नेमका त्या जागी तो बसला होता. मान लांब काढून, पाय पसरून. सुभानजीने त्याला हातात घेतले. पाठ तापलेली होती, आणि आत काही उरले नव्हते.

ठकूबाईने त्याला पाहिले. ती घरात गेली, कणीक मळायची पितळी परात घेऊन आली, विहिरीचे पाणी काढून उन्हात कोमट होऊ दिले आणि परातीत ओतले. पाणी पिल्लाच्या हनुवटीशी येईल एवढेच, त्याच्यावर थेंब नाही. मग एकेक करून आठही पिल्ले तिने पाण्यात ठेवली.

सुभानजी पाठ फिरवून शिळेकडे तोंड करून उभा राहिला.

“तिकडं काय बघताय?”

“शिळा वाचतोय. ‘जो कोणी’ लिहिलंय. तूसुद्धा आलीस त्यात.”

“येऊ दे. निम्म्या गावाला बाहेर ओढून काढलंय मी. एक दगड कसला जड! तुम्ही वाचा.”

आणि तो वाचत राहिला. मागे पाण्यात आठ पिल्ले मान बुडवून पाणी पीत होती, तो आवाज त्याला ऐकू येत होता. म्हणजे आवाज होत नव्हताच. पण त्याला येत होता.

पुढे ठकूबाईने बागेच्या एका कोपऱ्यात पिल्लांचे घर मांडले. अर्धे ऊन, अर्धी सावली. सावलीत फुटक्या माठाचे खापर पालथे घातले आणि त्याखालची माती ओली राहील असे पाहिले. वरून कोंबड्या झाकायची डाल ठेवली, कारण कावळे दोन दिवसांपासून कुंपणावर बसून अंदाज घेत होते. खायला घोळीच्या भाजीची कोवळी पाने, नखाएवढी चिरून, आणि त्यावर अंड्याच्या टरफलाची चिमूटभर पूड. रोज सकाळी परातीत घटकाभर बसवायचे, मग कोरडे करून उन्हात सोडायचे. ती हे सगळे कुणाला विचारून करत नव्हती. बाळंतघरात जी रीत, तीच इथे.

पंधरा दिवसांत पिल्लांचे डोळे वर आले. ती धावू लागली; म्हणजे कासवाच्या मानाने.

सुभानजीला आनंद झाला. पण गोंधळलेल्या माणसाला आनंदही सुखाने होत नाही. तो रात्रंदिवस एकच विचार करू लागला. पाण्याने पिल्ले अशी टवटवीत होत असतील, तर थोरल्यांना बावीस वर्षे आठ-आठ दिवस कोरडे ठेवून आपण केवढा छळ केला! एका चुकीतून उठलेल्या माणसाला तिच्या उलट बाजूची चूक करायची फार घाई असते.

त्याच सुमारास ठकूबाईला पलीकडच्या गावातून बोलावणे आले. तिथे एक बाळंतीण अडली होती, मागोमाग दुसरी अडली, आणि तिचा मुक्काम लांबला. जाताना पिल्लांचे सगळे तिने सुभानजीला शिकवून ठेवले होते. त्याने पिल्लांचे सगळे चोख केले. आणि मग, कुणी न सांगता, थोरल्यांचेही तसेच सुरू केले. रोज पाणी. सावलीत ओली पोती. कोवळी पाने, नखाएवढी चिरून.

“कसं वाटतंय, थोरलेबाबा?” तो रोज विचारायचा.

थोरला उत्तर देत नव्हता. तो अजून आधीच्या प्रश्नाचा विचार करत होता.

दसऱ्याचा दिवस उजाडला. राजा बागेत आला, मागे दप्तरदार, त्यांच्यामागे गाव. थोरल्याला फुलांची माळ घातली. थोरल्याने एक पाऊल टाकले, राजाने टाकले. दुसरे टाकले, राजाने टाकले. तिसरे टाकले. मग थोरला थांबला. त्याच्या नाकातून एक बुडबुडा आला आणि फुटला. “फुस्स,” असा आवाज करून त्याने मान आत घेतली.

राजा एक पाय पुढे, एक पाय मागे, असा उभा राहिला. रीतच तशी होती. सात पावले झाल्याशिवाय पाय हलवला तर वर्ष वाईट जाते, अशी गावाची समजूत होती.

“सुभानजी, यांना काय झालं?”

दप्तरदार वाकले, त्यांनी नाकाने हवा ओढली आणि सरळ झाले. “महाराज, ओला वास येतोय.”

सगळ्यांनी शिळेकडे पाहिले, मग दगडी कासवाकडे, मग सुभानजीकडे. एवढे डोळे एकदम त्याच्याकडे कधी वळले नव्हते.

“मी पाणी दिलं महाराज,” सुभानजी म्हणाला. “रोज. पंधरा दिवस.”

“का?”

“पिल्लांना मानवलं म्हणून.”

“म्हणजे पिल्लांनाही दिलं?” दप्तरदारांनी विचारले. “अर्ज विचाराधीन असताना?”

“पिल्लांना मी दिलं,” मागून आवाज आला. ठकूबाई त्याच सकाळी गावी पोहोचली होती. ती गर्दीतून वाट काढत पुढे आली. तिच्या हातात परात होती, आणि परातीच्या काठावर पुढचे पाय टेकून आठ पिल्ले राजाकडे बघत होती.

राजाने परातीत पाहिले. मग पायाशी पाहिले.

“पाणी तेच?”

“त्याच विहिरीचं, महाराज.”

“मग ही अशी टवटवीत आणि यांचं नाक गळतंय, हे कसं?”

“शक्य नाही, महाराज,” दप्तरदार म्हणाले. “नियम एकच आहे.”

ठकूबाईने परात खाली ठेवली. “महाराज, लहान तोंडी मोठा घास घेते. तुम्ही जन्मलात तेव्हा पहिल्यांदा माझ्या आईच्या हातात आलात. त्या दिवशी तिनं तुम्हाला पुरणपोळी भरवली असती, तर आज इथं असं अवघडून उभं राहायला कोण असतं?”

कुणीतरी फिसकन हसले.

“आणि आता मी तुम्हाला कोमट पाण्यात हनुवटीपर्यंत बसवलं आणि मऊ पेज भरवली, रोज, तर पुढच्या दसऱ्याला तुमच्यानं सात पावलं होतील का?”

राजा हसला, पण पाय न हलवता. “मग करावं काय?”

“पिल्लाचं अंग ते केवढंसं, त्यात पाणी कितीसं मावणार? एका दिवसाच्या उन्हानं रितं होतं. हे थोरले आठ दिवसांचं पोटात घेऊन हिंडतात. त्यांना काही नको. ऊन द्या. शिळेवर लिहिलंय तेच. थोरल्यांच्या बाबतीत शिळा शहाणी आहे हो.” मग ती नवऱ्याकडे वळली. “आणि तुम्ही! मी चार दिवस काय गेले, तुम्ही म्हाताऱ्याला तान्हं करून ठेवलंत!”

सुभानजी खाली बघत राहिला. आधी त्याने लहानांना मोठ्यांचे दिले होते, नंतर मोठ्यांना लहानांचे. दोन्ही वेळा मनापासून दिले होते. आता त्यात मन कुठे आले, हेच त्याला कळेनासे झाले होते.

सगळे थोरल्याच्या भोवतून बाजूला सरले, म्हणजे त्याच्यावर ऊन आले. राजाला मात्र सरता येत नव्हते, त्याच्यावरही आले. दुपार झाली. थोरल्याची पाठ हळूहळू कोरडी झाली, तापली. मान बाहेर आली. त्याने एक मोठी शिंक दिली आणि उरलेली चार पावले टाकली. राजाने टाकली. गावाने सोडलेला निःश्वास डोंगरापर्यंत ऐकू गेला म्हणतात.

राजाने बसायला चौरंग मागवला आणि बसल्या जागेवरून निवाडा दिला. थोरल्यांना अधिक पाणी दिले, तो अपराध खरा. सुभानजीने दगडी कासव घेऊन सात फेऱ्या घालाव्यात.

“आणि पिल्लांचं?” दप्तरदारांनी विचारले. “त्यांचा अर्ज विचाराधीन आहे. परवानगी दिलेली नाही, मनाईही केलेली नाही.”

राजाने शिळेकडे पाहिले. आजोबांचे, म्हणजे थोरल्या महाराजांचे, अक्षर होते. ते खोडण्याची रीत त्या राज्यात नव्हती.

“अर्ज चालू राहू दे,” राजा म्हणाला. मग ठकूबाईकडे बघत म्हणाला, “आणि परातही.”

सुभानजीने दगडी कासव पाठीवर घेतले. पोरे मागून मोजत आली. पहिल्या फेरीत त्याला लाज वाटली, दुसऱ्या फेरीत पाठ दुखली, तिसऱ्या फेरीनंतर या दोन्हींतले काय जास्त हे समजेनासे झाले. सातवी फेरी संपवून तो बागेच्या दारात बसला तेव्हा संध्याकाळ झाली होती. थोरला त्याच्याकडेच येत होता. बहुधा तो दुपारीच निघाला असावा.

“आठवलं,” थोरला म्हणाला.

“काय, बाबा?”

“तू विचारलं होतंस. लहानपणी.” थोरला बराच वेळ थांबला. “तहान लागायची. रोज.”

सुभानजी त्याच्याजवळ सरकला.

“आणि माणूस असायचा एक,” थोरला म्हणाला. “चेहरा नाही आठवत. त्याची सावली आठवते.”

दुसऱ्या दिवशी सुभानजीने हा जबाब लिहून काढला आणि अर्जाला पुरवणी म्हणून दप्तरात दिला. दप्तराने पोच दिली.

वर्षे गेली. पिल्ले नारळाएवढी झाली. त्यांच्या पाठीवर ठिपक्यांच्या चांदण्या झाल्या. एके दिवशी ठकूबाईने त्यांच्यातले एक परातीत ठेवले, तर ते कडेवरून पाय टाकून सरळ चालू लागले.

“झाली मोठी,” ती म्हणाली. “आता आठ दिवसांनी पाणी. शिळेप्रमाणं.”

दप्तरदारांनी विचारलेला दिवस हाच, हे सुभानजीच्या ध्यानात आले. त्याने धावत जाऊन दुसरी पुरवणी दिली : ‘पिल्लू ज्या दिवशी परातीतून आपले आपण बाहेर पडते, त्या दिवशी ते मोठे झाले असे समजावे.’ दप्तराने तोंडीच उलट विचारले, की परात कोणत्या मापाची. सुभानजीने माप कळवले. मग बागेत पुन्हा पिल्ले झाली, ठकूबाईने परात पुन्हा घासली, आणि विचारायला कुणाला वेळ राहिला नाही.

पुढे ते दप्तरदार गेले, नवे आले. नव्यांनी कागदांची जुनी बासने काढली आणि बागेत माणूस पाठवून अर्जाच्या वर्षीची कासवे मोजून घेतली. सुभानजीच्या हाती त्या प्रकरणातले पहिले लेखी पत्र पडले, तेव्हा त्याचे केस पांढरे झाले होते. पत्रात एकच ओळ होती : ‘अर्जात पिल्ले नऊ, प्रत्यक्षात आठ. तफावतीचा खुलासा करावा.’

सुभानजी बराच वेळ बागेच्या दाराशी, सकाळी त्याची सावली पडते तिथे, उभा राहिला. मग त्याने पत्राच्या पाठीवर खुलासा लिहिला : ‘नववे पिल्लू उत्तराची वाट पाहत होते.’

तात्पर्य : मोठ्यांना तारणारा नियम लहानांना मारू शकतो, म्हणून आधी ओंजळीत काय आहे ते पाहावे आणि मग शिळा वाचावी.

खुलासा दप्तरात पोचला आहे. अर्ज विचाराधीन आहे.